उसाच्या चिपाडाची वीज चालते, मग पऱ्हाटीच्या विजेला गाव का बिचकतं?

गळीत हंगाम रंगात आला की साखर कारखान्याच्या वाऱ्याखाली येणाऱ्या गावांत दोरीवरचे कपडे बघावेत. पांढऱ्या सदऱ्यावर काळे, हलके कण बसलेले असतात. बोटानं झटकले तर रेघ उमटते, म्हणून सवयीच्या बायका ते आधी फुंकून उडवतात आणि मग कपडा दोरीवरून काढतात. ही राख चिपाडाची, म्हणजे ऊस पिळून उरलेल्या चोथ्याची. ज्या चिमणीतून ती येते, तिच्याच पायथ्याशी तयार होणारी वीज सरकारी कागदावर सौर आणि पवन विजेच्या पंगतीत, नवीकरणीय म्हणून बसते.

आता हा विषय उसापुरता राहिलेला नाही. कोळशावर चालणाऱ्या औष्णिक वीज केंद्रांनी कोळशासोबत काही टक्के शेतातलं जळण जाळलंच पाहिजे, असं केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाचं धोरण आहे. २०२२ च्या अर्थसंकल्पी भाषणातही त्याचा उल्लेख होता: ५ ते ७ टक्के मिश्रण केलं तर वर्षाला ३ कोटी ८० लाख टन कार्बन डायऑक्साइड वाचेल, असा तो हिशोब. म्हणजे विदर्भातली पऱ्हाटी (कापूस वेचून उरलेली वाळकी झाडं), तुराट्या (तुरीची काडं), सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा), धानाचा तूस (भाताचं टरफल) यांना अचानक गिऱ्हाईक येणार. ऐकायला सगळं छानच आहे. तरीही गावात असा प्रकल्प येतोय म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात. त्या का पडतात, हे समजून घ्यायचं तर आधी मुळापासून जावं लागेल.

बायोमास म्हणजे काय काय?

झाडापेडांनी, पिकांनी, जनावरांनी तयार केलेला आणि जळू शकणारा कुठलाही माल म्हणजे बायोमास. मराठीत त्याला जैवभार म्हणतात. लाकूड, चिपाड, पाचट (उसाची वाळलेली पानं), तूस, शेणसुद्धा. वीज करण्याची पद्धत जुनीच: जळण जाळायचं, पाण्याची वाफ करायची, वाफेनं टर्बाइन फिरवायचं. कोळशाच्या केंद्रातही हेच होतं. बदलतं ते फक्त भट्टीत काय टाकायचं ते.

भारतात असं जळण किती आहे? केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयासाठी झालेल्या अभ्यासात वर्षाला सुमारे ७५ कोटी टन जैवभार आणि त्यातला सुमारे २३ कोटी टन 'अतिरिक्त' असा अंदाज निघाला. या 'अतिरिक्त'वर नजर ठेवा, सगळी भांडणं तिथेच आहेत.

"धूर तर दोन्हीचा निघतो, मग हे हरित कसं?"

रास्त शंका आहे. एक युनिट विजेमागे चिमणीतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजला तर ओलसर जैवभार कोळशापेक्षा कमी भरेलच असं नाही. उलट बऱ्याचदा जास्तच भरतो, कारण बरीचशी उष्णता आतलं पाणी उडवण्यातच जाते.

फरक हिशोबाचा आहे. किराणा दुकानातली उधारी घ्या. उसाचं पीक बारा ते अठरा महिन्यांत हवेतून जेवढा कार्बन उचलतं, तेवढाच चिपाड जळल्यावर परत हवेत जातो. पुढच्या हंगामात तो पुन्हा उसात येतो. ही महिन्याच्या महिन्याला मिटणारी उधारी. चाळीस वर्षांचं झाड तोडून जाळलं तर तेवढी उधारी फिटायला पुढची चाळीस वर्षं जातील, तीही तिथे पुन्हा झाड लावलं आणि जगवलं तरच. आणि कोळसा? ती कोट्यवधी वर्षांपूर्वी दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर पडलेली रक्कम. ती फेडणारं आज कुणी नाही.

म्हणून 'बायोमास हरित आहे का' या प्रश्नाला सरसकट उत्तर नसतं. चिपाड आणि तूस बहुतेक वेळा बरे. जंगलातलं लाकूड बहुतेक वेळा वाईट. मधल्या पट्ट्यात पऱ्हाटी, पाचट, कुटार येतं, आणि तिथे उत्तर बदलतं ते एका गोष्टीवरून: हे जळण आधी कुणाच्या उपयोगी पडत होतं?

साखर कारखान्यात गाडं का चाललं

महाराष्ट्रात या विजेचा सगळ्यात जुना आणि मोठा प्रयोग साखर कारखान्यांतलाच. हंगामात राज्यात दोनशेच्या आसपास कारखाने गाळप करतात. एक टन ऊस गाळला की २८० ते ३०० किलो चिपाड निघतं. त्यात निम्मं पाणी असतं. रोज ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्यात म्हणजे दिवसाला १,४०० ते १,५०० टन जळण आपोआप भट्टीच्या दारात येऊन पडतं. ते गोळा करायला माणूस नको, ट्रक नको, दलाल नको. त्याचा वाहतूक खर्च उसाच्या बिलातच गेलेला असतो.

एके काळी हेच चिपाड डोकेदुखी होतं. त्याच्या डोंगराएवढ्या गंजी लागत, उन्हाळ्यात त्यांना आगी लागत. म्हणून जुने बॉयलर कमी दाबाचे, जळण भरपूर खाणारे ठेवले तरी कुणाची हरकत नसे. चिपाड संपवणं हेच काम होतं. पुढे बॉयलरचा दाब वाढत गेला. दर चौरस सेंटिमीटरला २१ किलोच्या जागी ६७, मग ८७, मग ११० किलो. तेवढ्याच चिपाडातून जास्त वीज निघू लागली. वाफ आधी टर्बाइन फिरवते आणि तिथून सुटली की तीच वाफ उसाचा रस आटवायला जाते. एकाच वाफेकडून दोन कामं करून घेण्याच्या या पद्धतीला सहवीजनिर्मिती म्हणतात. कारखान्यात सगळे 'कोजन' म्हणतात. चांगल्या कोजनमध्ये टनामागे शंभर युनिटांच्या वर वीज निघते. कारखान्याची स्वतःची गरज त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. उरलेली महावितरणला.

इथे लोकांनी वीज स्वीकारली, कारण स्वीकारण्यासारखं नवीन काही घडलंच नव्हतं. कारखाना आधीच होता, चिमणी आधीच होती, चिपाड आधीही जळतच होतं. सभासदाच्या घरातला एखादा तरी माणूस तिथे कामाला. गावाच्या ताटातलं काही काढून घेतलं गेलं नाही. राखेची तक्रार आहे, पण ती कारखान्याबद्दलची जुनी तक्रार आहे, विजेबद्दलची नाही.

"पण त्या विजेचे पैसे उसाच्या दरात दिसतात का?"

ऊसपट्ट्यात हा प्रश्न पर्यावरणाच्या कुठल्याही प्रश्नापेक्षा जास्त तापतो. शेतकरी विकतो ऊस. चिपाड त्याच्याच उसाचं. त्यातून वीज झाली, विकली गेली, मग त्यात त्याचा वाटा किती?

केंद्र सरकारनं नेमलेल्या रंगराजन समितीनं २०१२ मध्ये सूत्र सुचवलं: साखर आणि तिच्यासोबत निघणारे चिपाड, मळी (साखर काढून उरलेला दाट पाक), प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) यांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा उसाचा, फक्त साखर धरली तर ७५ टक्के. महाराष्ट्रानं २०१३ मध्ये ऊसदर नियमनाचा कायदा केला आणि ७०:३० चं महसुली वाटप आणलं. मेख अशी की या सूत्रात चिपाड हे चिपाड म्हणून मोजलं जातं, त्यातून झालेली वीज म्हणून नाही. कारखान्यांचं म्हणणं, बॉयलर आणि टर्बाइनचं कर्ज आम्ही काढलं, जोखीम आम्ही घेतली. शेतकरी संघटनांचं म्हणणं, कर्ज काढणारा कारखाना सहकारी, म्हणजे आमचाच. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. माझं मत विचाराल तर कोजनचा ताळेबंद साखरेपासून वेगळा काढून वार्षिक सभेत सभासदांपुढे ठेवला तर निम्मा संशय तिथेच मिटेल. आकडे झाकले की वीज कितीही हरित असो, ती लुबाडलेली वाटते.

औष्णिक केंद्राला पऱ्हाटी कशाला हवी?

आता दुसरं प्रकरण. कोळशाच्या केंद्रात कोळशासोबत थोडं शेतातलं जळण मिसळण्याला को-फायरिंग म्हणतात. एनटीपीसी या केंद्र सरकारच्या वीज कंपनीनं उत्तर प्रदेशातल्या दादरीच्या केंद्रात २०१७ च्या सुमारास याची सुरुवात केली. पंजाब-हरियाणातली पराली, म्हणजे भात कापून शेतात उरलेलं काड, जाळली जाऊ नये हा मुख्य हेतू. २०२१ मध्ये 'समर्थ' नावाची राष्ट्रीय मोहीम निघाली आणि ऑक्टोबरमध्ये मिश्रण बंधनकारक करणारं धोरण आलं. माल मिळेना, तेव्हा २०२३ मध्ये मुदती पुढे ढकलल्या: २०२४-२५ पासून ५ टक्के, २०२५-२६ पासून ७ टक्के.

तूस किंवा पऱ्हाटी तशीच भट्टीत टाकता येत नाही. सैल पऱ्हाटीचा एक घनमीटर शंभर किलोसुद्धा भरत नाही. ट्रकभर पऱ्हाटी म्हणजे ट्रकभर हवा. म्हणून तिचा चुरा करून, दाबून बोटाएवढ्या कांड्या करतात. त्यांना पेलेट म्हणतात. जाड ओंडके केले तर ब्रिकेट. दाबल्यावर तेवढ्याच घनमीटरमध्ये सहाशे किलोच्या वर माल बसतो.

आणि ७ टक्केच का, ५० का नाही? कारण पिकाच्या काडात पोटॅश आणि क्लोरीन असतं. त्याची राख कोळशाच्या राखेपेक्षा कमी तापमानाला वितळते, बॉयलरच्या नळ्यांना चिकटते, नळ्या गंजवते. शिवाय कोळसा दळायच्या गिरण्या धागेदार काड दळायला बनलेल्याच नसतात. थोडं मिसळलं तर चालून जातं.

थोडं म्हणजे तरी किती, ते बघा. ऊर्जा मंत्रालयाच्याच हिशोबानं १,००० मेगावॅटच्या केंद्राला ७ टक्क्यांसाठी वर्षाला अडीच ते तीन लाख टन पेलेट लागतात. दिवसाला सातशे-आठशे टन, म्हणजे पन्नासेक ट्रक. चंद्रपूरचं केंद्र २,९२० मेगावॅटचं आहे. त्याच प्रमाणात सात ते नऊ लाख टन. हा माल चंद्रपूर, यवतमाळ, वर्धा, नागपूरच्या शेतांतून उचलायचा, तोही मुख्यतः डिसेंबर ते मार्चच्या चार महिन्यांत, आणि वर्षभर कोरडा ठेवायचा. साखर कारखान्याच्या दारात चिपाड आपोआप येतं आणि इथे गावोगाव हिंडून माल गोळा करावा लागतो. सगळा फरक या एका गोष्टीत आहे.

"रानात पडून कुजतंच ना? नेलं तर काय बिघडलं?"

मुंबई-पुण्यात बसून बघितलं की असं वाटतं. शेतात मात्र काहीच बेवारस पडलेलं नसतं.

कपाशीचा शेवटचा वेचा झाला की शेत रिकामं करायचं असतं. पऱ्हाटी उपटायला लोखंडी चिमटा लागतो. दिवसभर वाकून ते काम करणारा हात मजुराचा, बऱ्याचदा बाईचा. अनेक ठिकाणी या कामाची मजुरी रोख नसते. शेत मोकळं करून दे आणि पऱ्हाटी घरी ने, असा व्यवहार असतो. ती मोळी बांधून नेते, घराच्या मागे रचते, आणि त्यावर पावसाळ्यापर्यंत चूल चालते. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत सिलिंडर घरोघरी पोहोचले हे खरं, पण भरून आणायला दर वेळी पैसे लागतात. म्हणून सिलिंडर पाहुण्यांच्या चहाला आणि भाकरी चुलीवर, असा कारभार अजून कितीतरी घरांत आहे.

आता गावात पेलेटवाल्याचा एजंट आला आणि टनामागे अमुक रुपये म्हणाला. शेतकऱ्याला चार पैसे मिळाले, चांगलंच झालं. पण ज्या बाईचं वर्षाचं सरपण त्या व्यवहारातून गेलं, तिचं नाव कुठल्याच प्रकल्प अहवालात येत नाही. अहवालात ती पऱ्हाटी 'अतिरिक्त' असते. अशा वेळी गावातून विरोधाचा सूर निघाला की शहरातले लोक म्हणतात, अडाणी आहेत, त्यांना हवामानबदल कळत नाही. त्यांना सगळं कळतं. त्यांच्या घरातलं जळण गेलंय, एवढंच.

कुटाराचं वेगळं दुखणं. सोयाबीनचं, तुरीचं, हरभऱ्याचं कुटार जनावरं खातात. पाऊस चांगला झाला त्या वर्षी ते उरतं. दुष्काळ पडला की त्याच कुटाराला सोन्याचा भाव येतो. २०१२-१३ किंवा २०१८-१९ मध्ये मराठवाड्यात चारा छावण्या लागल्या होत्या, ते कुणी विसरलेलं नाही. वीज केंद्राची गरज मात्र दुष्काळाच्या वर्षी कमी होत नाही. त्या वर्षी गोठ्याशी बोली लावायला ते केंद्रही बाजारात उभं असेल.

आणि तिसरा मालक माती. पाचटाचंच बघा: एका हेक्टरमधून ८ ते १० टन पाचट निघतं. वर्षानुवर्षं लोक ते पेटवून देत आले. खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, लवकर पाणी द्यायचं असतं, घाई असते. कृषी खातं आणि साखर संस्था सांगून सांगून थकल्या की पाचट सरीत कुजवा, सेंद्रिय कर्ब वाढेल, पाणी टिकेल. आता कुठे काही शेतकरी ते करू लागलेत. अशा वेळी पाचट गोळा करून वीज करा म्हणणं मला पटत नाही. जे पाचट नाहीतरी जाळलंच जाणार आहे ते नेलं तर नफा. जे कुजणार आहे ते नेलं तर मातीचा तोटा. दोन्ही पाचट दिसायला सारखंच.

पऱ्हाटी उचलण्याच्या बाजूनं एक भक्कम मुद्दाही आहे, तो टाळून चालणार नाही. गुलाबी बोंडअळी. पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवल्या की अळीचे कोष त्यांच्यातल्या किडक्या बोंडांत राहतात आणि पुढच्या हंगामात तीच अळी पुन्हा कपाशीवर येते. डिसेंबरअखेर कपाशी संपवा, पऱ्हाट्या साठवू नका, असं कृषी विद्यापीठं दर वर्षी बजावतात. म्हणजे पऱ्हाटी वेळेत शेताबाहेर नेणारा कुणी मिळाला तर शेतकऱ्याला हवाच आहे. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं पऱ्हाटीच्या पेलेट, ब्रिकेट आणि पार्टिकल बोर्डवर बरंच काम केलंय, ते उगाच नाही. माझ्या मते विदर्भात या विजेला मान्यता मिळायची असेल तर हवामानापेक्षा बोंडअळीचा धागा धरावा. ती प्रत्येकाला दिसते.

"राख आणि धुराचं काय?"

जळणागणिक उत्तर वेगळं. चिपाडात राख एक-तीन टक्के, पण हलकी, वाऱ्यावर दूर जाणारी. धानाच्या तुसात राख जवळपास पाचवा हिस्सा, तीही सिलिकानं भरलेली; ती कुठे टाकायची हाच प्रश्न. त्या मानानं भारतीय कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते, म्हणजे चंद्रपूरकरांना राखेचं शिक्षण वेगळं द्यायची गरज नाही.

चिमणीतून बाहेर पडणारी राख अडवता येते. पाण्याच्या फवाऱ्यानं धूर धुणारे स्क्रबर असतात, आणि विजेच्या भारानं कण ओढून घेणारे मोठे पिंजरे असतात, त्यांना कारखान्यात ईएसपी म्हणतात. साखर कारखान्यांच्या बॉयलरसाठी धुरातल्या कणांची मर्यादा दर घनमीटरला १५० मिलिग्रॅम आहे. यंत्रं बसवलेली असतात. ती चालू असतात का, हा खरा सवाल. रात्रीच कपडे जास्त काळे होतात ही तक्रार अनेक गावांत ऐकू येते. चिमणीला बसवलेल्या मोजमापाच्या यंत्राचे आकडे गावाच्या चौकातल्या फलकावर दिसले तर निदान वादाला आधार तरी मिळेल.

शेतात उघड्यावर जाळण्यापेक्षा भट्टीत जाळलेलं बरं, हे खरंच आहे. उघड्यावर अर्धवट जळतं, धूर जमिनीलगत राहतो, अडवायला काहीच नसतं. पण हा हिशोब सगळ्या परिसराचा झाला. प्रकल्पाशेजारच्या गावाचं म्हणणं असं की आधी शंभर गावांत चार दिवस होणारा धूर आता आमच्या एकट्याच्या गावात बारा महिने. या म्हणण्याला उत्तर द्यायला प्रकल्पवाले सहसा तयार नसतात.

"सौर वीज इतकी स्वस्त असताना हे हवंच कशाला?"

दर बघितला तर बायोमास हरतं. सौर प्रकल्पांच्या लिलावात अडीच रुपये युनिटच्या आसपास बोली येतात. चिपाडाची वीज पाच रुपयांच्या अलीकडे-पलीकडे, आणि विकत घेतलेल्या जळणावरची त्याहून महाग. कारण सोपं आहे. सूर्याला पैसे द्यावे लागत नाहीत, पऱ्हाटीवाल्याला द्यावे लागतात.

हा धडा विदर्भानं एकदा गिरवलाय. वीसेक वर्षांपूर्वी तिथे तुसावर आणि काडीकचऱ्यावर चालणारे छोटे वीज प्रकल्प उभे राहिले. कागदावर तूस जवळपास फुकट होता. चार प्रकल्प एकाच भातपट्ट्यात तूस मागू लागले, वीटभट्ट्या आणि राइस मिल आधीपासून गिऱ्हाईक होत्याच. भाव चढला, विजेचा दर मात्र करारानं बांधलेला. काही प्रकल्प बंद पडले, काही रडतखडत चालले. तेव्हा अशा प्रकल्पांना काही प्रमाणात कोळसा वापरायची मुभा होती, त्यामुळे 'हे नावाला बायोमास, आत कोळसाच जातोय' अशी कुजबुजही गावांतून असायची. विश्वास एकदा उडाला की पुढच्या प्रकल्पाला त्याची किंमत मोजावी लागते.

मग उपयोग काय? संध्याकाळी सात वाजता सौर वीज शून्य असते आणि मागणी शिखरावर. बायोमासची वीज तेव्हा देता येते. भूमिका एवढीच, आणि ती छोटी नाही. पण 'स्वस्त' म्हणून ती विकू नये. चिपाडालाही आता कागद गिरण्या गिऱ्हाईक आहेत, आणि इथेनॉलच्या आसवनी चालवायला कारखान्यालाच ते लागतं.

इंग्लंडमधलं उलटं उदाहरण

'आंतरराष्ट्रीय अनुभव' म्हणून जे सांगितलं जातं त्यात यॉर्कशायरमधलं ड्रॅक्स केंद्र असतंच. एके काळचं ब्रिटनचं सगळ्यात मोठं कोळसा केंद्र. २०१३ ते २०१८ मध्ये त्याचे सहापैकी चार संच लाकडाच्या पेलेटवर गेले. पेलेट येतात मुख्यतः अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून आणि कॅनडातून, जहाजांनी. त्यावर मोठं सरकारी अनुदान.

हवामानाच्या हिशोबात ड्रॅक्सच्या चिमणीतला कार्बन शून्य धरला जातो. फसवणूक म्हणून नाही. आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की झाड तोडलं त्या देशानं तो कार्बन जमिनीच्या खात्यात मोजायचा, म्हणजे तो दोनदा मोजला जाणार नाही. परिणाम असा की जाळणारा देश स्वच्छ दिसतो आणि तोडणाऱ्याचं खातं कुणी वाचत नाही. मिसिसिपीमधल्या ग्लॉस्टर गावात ड्रॅक्सचाच पेलेट कारखाना आहे. हवेत ठरल्यापेक्षा जास्त वायू सोडल्याबद्दल राज्याच्या यंत्रणेनं त्याला २५ लाख डॉलर दंड केला. २०२४ मध्ये ब्रिटनच्या ऊर्जा नियामकानं कॅनडातल्या लाकडाची माहिती नीट न दिल्याबद्दल कंपनीला अडीच कोटी पौंड भरायला लावले. मुद्दाम केल्याचा पुरावा नाही, असंही नियामकानं सांगितलं. पण लोकांना तोवर पुरेसं कळलं होतं. २०२५ मध्ये सरकारनं पुढच्या काळाचं अनुदान जवळपास निम्म्यावर आणलं आणि केंद्र कमी वेळ चालवायची अट घातली.

भारतात जंगल तोडून पेलेट करायचं धोरण नाही. इथे भर शेतातल्या अवशेषांवर आहे. पण पेलेटच्या पोत्यात पऱ्हाटी आहे की बांधावरची बाभूळ, हे रंगावरून ओळखता येत नाही, आणि भाव चढला की कुऱ्हाड कुठे चालेल ते सांगायला नको.

मग गावाला विचारतं कोण?

बहुतेक वेळा कुणीच नाही. मोठ्या औष्णिक केंद्राला पर्यावरण मंजुरी लागते आणि त्याआधी जनसुनावणी होते. जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी बसतो, लोक बोलतात, ते लिहून घेतलं जातं. १५ मेगावॅटपर्यंतच्या बायोमास प्रकल्पांना मात्र या मंजुरीतून सूट आहे. छोटा प्रकल्प, हरित इंधन, मग कशाला कागदपत्रं, असा विचार त्यामागे असावा. त्यामुळे गावाला पहिली बातमी कळते ती ट्रक आल्यावर. मोठ्या केंद्रात कोळशाबरोबर पेलेट जाळायला लागले तरी पेलेट जिथून येतात त्या गावांना कुणी विचारत नाही, कारण केंद्र त्यांच्या गावात नसतंच.

उरतं ते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. प्रत्येक प्रकल्पाला मंडळाकडून दोन संमती घ्याव्या लागतात, एक उभारणीची आणि एक चालवण्याची. चालवण्याची संमती आजवर ठरावीक मुदतीची असायची. संमतीपत्रात इंधनाचा प्रकार आणि प्रमाण, चिमणीची उंची, राखेची विल्हेवाट या सगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतात, आणि हे कागद मंडळाच्या संकेतस्थळावर किंवा माहिती अधिकारात मिळतात. इंधन म्हणून नुसतं 'बायोमास' लिहिलं असेल तर तिथेच बोट ठेवावं: कुठला, किती किलोमीटरच्या आतून, कुठल्या महिन्यांत, दुष्काळी वर्षी काय. संमतीपत्रात मुदत दिलेली असेल तर ती संपायच्या आधी नूतनीकरणाचा अर्ज जातो. ग्रामसभेचा ठराव करून तो मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात लेखी द्यायचा असेल तर त्या अर्जाच्या आधीचे दोन-तीन महिने सगळ्यात उपयोगी.